गोंदलेला चौकोन

माझ्या आत्याच्या छातीवर उजव्या बाजूला एक चौकोन गोंदलेला होता. तुळशीवृंदावन नव्हे, विंचू नव्हे, कुणाचं नाव नव्हे. नुसता हिरवट चौकोन, वीतभर लांब आणि जवळपास तेवढाच रुंद, आणि त्याचा गळ्याकडचा एक कोपरा वाकडा. तो तिथे कसा आला हे मी आजवर वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं आहे. आज खरं काय ते लिहायला बसले आहे, पण लिहिता लिहिता पुन्हा माझा गोंधळ होणार हेही मला ठाऊक आहे.

उरणच्या खाडीकाठी आमचं गाव. नवे पैसे नुकते चालू झाले होते त्या सुमाराची ही गोष्ट. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि मला आत्याच्या पदरात टाकलं. तिला मूलबाळ नव्हतं. ती आणि तिचे यजमान, त्यांना मी मामा म्हणत असे, दोघं मिठागरावर राबायची. ओल्या मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन बांध चढताना आत्याची मान जराही हलायची नाही. त्या मानेच्या जोरावर तिने मला सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं आणि मी मास्तरीण झाले. शाळा मिळाली पनवेलच्या बाजूला. शनिवारी दुपारी मी घरी यायची आणि सोमवारी पहाटे निघायची.

अशाच एका शनिवारी ती मला मागच्या न्हाणीत घेऊन गेली. चोळीची गाठ सोडली, माझा हात धरला आणि आपल्या छातीवर ठेवला.

"पोरांना वाचायला शिकवतंस ना?" ती म्हणाली. "मंग ह्ये काय हाय, ते वाच."

हाताखाली आवळ्याएवढं काहीतरी टणक होतं आणि ते हलत नव्हतं. मी विचारलं, "कवापासून हाय?"

"गवर आली तवापासून."

"गवर तर आत्ताच झाली की."

"गेल्या सालची गवर."

म्हणजे वर्ष झालं होतं. वर्षभर ती कसला कसला पाला वाटून लावत होती आणि वर घट्ट चोळी बांधून मीठ वाहत होती. मी तिच्यावर इतकी ओरडले की शेजारची कोंबडी कुडावरून उडाली. मला भीती वाटली की मी ओरडते. ही माझी जुनी खोड आहे, आणि वर्गातल्या पोरांनाही ती कळलेली होती.

मोरा बंदरातून लाँचने आम्ही भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेलो. मी बिनपगारी रजा घेतली होती. डॉक्टर मध्यम वयाचे, घाईत असलेले, पण वाईट नव्हते. आत्याने त्यांच्यासाठी पहिल्या खेपेचं पांढरंशुभ्र मीठ फडक्यात बांधून नेलं होतं. त्यांनी घ्यायला हात पुढे केला, तर तिने पुरचुंडी झटकन मागे घेतली. आमच्यात मीठ हातावर देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. डॉक्टर हात तसाच धरून उभे. शेवटी तिने ती पुरचुंडी टेबलावर, त्यांच्या कागदांवर ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठ दिवसांनी त्यांनी तिचा उजवा स्तन काढला. हे वाक्य मी आज सरळ लिहिते आहे. तेव्हा आम्ही कुणीच हा शब्द उच्चारला नाही. "गाठ काढली" एवढंच म्हणायचं. त्या दिवशी मामा गावाहून आले होते. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी पट्ट्यांकडे पाहिलं आणि मला एकच विचारलं, "उजवा हात चालंल ना तिचा?" त्या प्रश्नाचा मला कितीतरी वर्षं राग होता. बायको मरणाच्या दारात आणि ह्यांना पाट्या वाहायची पडली आहे! आज राग येत नाही, पण तो प्रश्न मायेचा होता असंही मला छातीठोक म्हणवत नाही. विचारायला त्यांच्याजवळ दुसरे शब्द नसतील. नाहीतर खरंच पाट्यांचीच काळजी असेल. मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

जखम भरल्यावर विजेचा शेक सुरू झाला. रोज जायचं, मशिनीखाली काही मिनिटं निजायचं आणि परत यायचं. इस्पितळाजवळच्या धर्मशाळेत आम्हाला खोली मिळाली होती. पहिल्या दिवशी एका नर्सबाईने पट्टी लावून आत्याच्या छातीवर जांभळ्या शाईने चौकोन आखला. शेक त्या रेघांच्या आत द्यायचा, बाहेर नाही. आत्या खाली बघत म्हणाली, "मोजनीवाले आले काय ग माज्या अंगावर?" नर्सबाई हसली. मीही हसले. शस्त्रक्रियेनंतर आम्ही पहिल्यांदाच हसत होतो.

मग डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात. "रेघ पुसायची नाही. साबण नाही, तेल नाही, चोळायचं नाही. पुसट झाली तर काळजी करू नका, आम्ही परत काढू."

मला दोन्ही वाक्यं नीट कळली होती. कळलं नाही म्हणून मी चुकले असं म्हणायची सोय नाही. पण मला आत्या माहीत होती. मिठागरावरून आली की अंग खसखसा घासल्याशिवाय ती चुलीपाशी जात नसे. परत काढता येते म्हणून सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिने साबणाची वडी हातात घेतलीच असती. शाळेत मी पोरांशी असंच वागायची. कडक अर्धं सांगायचं, सवलतीचं अर्धं आपल्याजवळ ठेवायचं. मी तिला सांगितलं, "जीव गेला तरी ती रेघ पुसू द्यायची न्हाय."

"आनी पुसली तं?"

"तं सगलं फुकट."

हे "सगलं फुकट" डॉक्टर म्हणाले नव्हते. ते माझं.

दोन आठवड्यांत कातडी लाल झाली, मग काळवंडली. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस विश्रांती, घरी न्या, मग उरलेला शेक देऊ. आम्ही लाँचने परत आलो. ऑक्टोबरची हीट होती. खाडीवरून वारा म्हणून येत नव्हता आणि आत्याला घामाच्या धारा. ती उताणी पडून राहायची, अंगावर फक्त सुती पदर, आणि तासातासाला मला विचारायची, "हाय का ग रेघ?" मी बघायची आणि म्हणायची, हाय. पण ती फिकट होत चालली होती. तेव्हाही मी सांगू शकले असते की जाऊ दे, परत काढतात. पण आधी का नाही सांगितलंस, असं तिने विचारलं असतं. मास्तरीण चुकली हे कबूल करायचं माझ्या जिवावर आलं.

मी माझी शाळेतली कॉपिंग पेन्सिल काढली. तिचं टोक ओलं केलं की जांभळं उमटतं. पुसट रेघेवरून मी ती फिरवत गेले. तीन बाजू सरळ झाल्या. गळ्याजवळच्या कोपऱ्याशी आले तेव्हा आत्याला गुदगुल्या झाल्या, ती खुसखुसली, आणि माझा हात वर सरकला. तो कोपरा बोटभर गळ्याकडे चढला. पुसायचं तर नाही, मग दुरुस्त कसं करणार? तसाच राहू दिला. रजा संपली होती, सोमवारी मी शाळेत गेले.

पुढच्या शनिवारी आले तेव्हा आत्या ओटीवर बसली होती, आणि बऱ्याच दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. मामा खांबाला टेकून तंबाखू मळत होते. तिने मला आत नेलं आणि पदर बाजूला केला.

"आता पुसंल कशी, बगते," ती म्हणाली.

बुधवारी गावात गोंदणारीण आली होती. दरवर्षी भातकापणीच्या आधी ती यायची, अंगणात बसायची, सुयांचा जुडगा काजळात बुडवून पोरीबाळींचे हात गोंदायची आणि सूपभर तांदूळ घेऊन जायची. आत्याच्या हातावर, कपाळावर ह्याच गोंदणारणीच्या सासूने गोंदलेलं होतं. आत्याने तिला आत बोलावलं, जांभळा चौकोन दाखवला आणि म्हणाली, ह्याच्यावरून घाल. बाईने का म्हणून विचारलं नाही. रेघ होती तशी गिरवली.

"दुकलं न्हाय?" मी विचारलं.

"तिथं मना काय कलतच न्हाय आता. सगलं बधिर हाय. वरच्या ह्या कोपऱ्यावं तेवढी आग झाली."

तो माझा वाकडा कोपरा होता. तेवढाच बधिर जागेच्या बाहेर गेला होता. मी जवळून पाहिलं तर तो सुजला होता आणि त्याच्या कडेला पिवळं दिसत होतं.

सोमवारी मी शाळेत गेले नाही. पुन्हा रजा टाकली आणि तिला घेऊन मुंबईला गेले. डॉक्टरांनी पदर बाजूला केला. मग त्यांनी आणखी दोघा डॉक्टरांना बोलावलं. तिघं इंग्रजीत बोलत होते. एक तरुण डॉक्टर हसला. आमचे डॉक्टर हसले नाहीत.

"हे कोणी करायला सांगितलं?" त्यांनी मला विचारलं.

आत्या माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "गावातल्या बायकांनी."

त्यांनी मला दाराबाहेर नेलं. म्हणाले, "त्या जागेचा शेक पुरा झाला होता, बाई. आता काखेत आणि गळ्याजवळ द्यायचा होता. म्हणजे त्या रेघा तशाही कामाच्या नव्हत्या. आणि तो वरचा कोपरा पिकला आहे, नेमका तिथेच. आमची रेघ तर तिथपर्यंत गेलेलीच नव्हती. आता तो बरा होईपर्यंत शेक देता येणार नाही. तीन आठवडे तरी जातील."

"तीन आठवड्यांनी काय बिघडतं?" मी विचारलं.

"बिघडू नये," ते म्हणाले.

मी आत आले. आत्या खाटेच्या कडेला बसली होती, पदर नीट करत होती. "काय म्हनला डागतर?" तिने विचारलं. परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पोरं असं तोंड करून उभी राहतात. मी म्हणाले, "डॉक्टरांना फार समाधान वाटलं. तुम्ही योग्य तेच केलंत, असं ते म्हणाले. जरा सूज आहे, ती उतरल्यावर पुढचे उपचार सुरू होतील."

ती बरं म्हणाली.

ते तीन आठवडे मी कसे काढले ते मला सांगता येत नाही. कोपरा रोज धुवायचा, पावडर टाकायची, पट्टी बांधायची. दर पट्टीला मी मनात दिवस मोजत होते. आतमध्ये काही वाढत असेल का? वाढत असेल तर ते माझ्या पेन्सिलीमुळे, की तिच्या हट्टामुळे, की गेल्या सालच्या गवरीपासून ती गप्प राहिली त्यामुळे? एका दिवशी मी स्वतःला खुनी ठरवायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर चिडायची, डॉक्टरांवर, गोंदणारणीवर, आत्याच्या स्वच्छतेवर. खरं म्हणजे मी भ्यायले होते. ती गेली असती तर जगात मला "पोरी" म्हणणारं कुणी उरलं नसतं.

शेवटी सूज उतरली, शेक परत सुरू झाला. नर्सबाईने काखेजवळ आणि गळ्याजवळ नव्या जांभळ्या रेघा काढल्या. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, हिरव्या चौकोनाकडे पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. मला ते नवल वाटायला हवं होतं. मी आपली सुटले म्हणून खूश.

शेकाच्या रांगेत म्हसळ्याच्या बाजूची एक बाई रोज आमच्या शेजारी बसायची. भातशेती करणारं घर, बरोबर तिचा भाऊ. तिलाही तोच आजार आणि तसाच जांभळा चौकोन. एके दिवशी मी औषध घेऊन परत आले, तर ती आत्याच्या चौकोनावरून बोट फिरवून बघत होती. मला बघून म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या आत्याचं बरं हाय. निजताना कालजी न्हाय, धुताना कालजी न्हाय. आमच्या गावात पण हाय गोंदणारी. ह्या रविवारी जातेय मी घरी. डॉक्टरला चालतं ना?"

आत्याने पदर सावरला. ती माझ्याकडे बघत होती. अगदी तशीच, त्या दिवशी डॉक्टरांपुढे बघत होती तशी.

मला एकदा वाटलं, हसून वेळ मारून न्यावी आणि रविवारच्या आत त्या बाईला एकटीला गाठावं. पण ती पुढे सरकून माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मला तिची कातडी दिसत होती, लाल, नुकती काळवंडायला लागलेली.

"न्हाय, बाई," मी म्हणाले. "गोंदू नका. आत्याचं ते चुकलं. तिचं न्हाय, माजं चुकलं. रेघ पुसली तर इथं परत काढतात, पैसा पडत न्हाय. मी तिला सांगितलंच न्हाय. तिच्या गोंदनावर पू झाला, तीन आठवडे शेक बंद पडला. तो वाकडा कोपरा हाय ना, तो मी काढला व्हता."

एवढं बोलून मला रडू फुटलं, भर रांगेत. म्हसळ्याच्या बाईने पदराने माझं तोंड पुसलं आणि आपल्या भावाला पाणी आणायला पिटाळलं. आत्या जागची हलली नाही. तिचं नाव पुकारलं तशी ती उठली आणि आत गेली.

दुपारी धर्मशाळेत आली तशी ती तांदूळ निवडायला बसली. मी समोर बसले. भांडण व्हावं असं मला फार वाटत होतं. तिने मला एक ठेवून द्यावी, निदान पुरचुंडीभर मीठ हातावर द्यावं.

"मना ठाव व्हतं," ती म्हणाली.

"कवापासून?"

"त्याच दिवशी. डागतर चांगलं म्हनला असता तं तू आपल्यात सांगितलं असतंस. तू शालेतलं बोललीस. 'समादान वाटलं.' लहानपनी दूध सांडलंस की असंच बोलायचीस, पुस्तकातलं."

"मंग मना विचारलं का न्हायस?"

तिने एक खडा काढून बाजूला टाकला. "विचारून काय, तू आनकी एक पान वाचून दाखवलं असतंस." मग तांदूळ सुपात पसरून म्हणाली, "आनी मी काय तू सांगितलंस म्हनून गोंदलं न्हाय."

"मंग कशाला गोंदलं?"

"गोंदान तेवढं मानसाच्या संगती जातं. बाकी सगलं काढून घेतात हितंच." तिने सूप माझ्याकडे सरकवलं. "बग जरा, खडा ऱ्हायला का. मना आता बारीक दिसत न्हाय."

मी तांदूळ बघत बसले. एकही खडा नव्हता.

ती खरं बोलली का? हे मी गेली कित्येक वर्षं उलटसुलट करून बघते आहे. कधी वाटतं, खरंच असेल. काढून नेलेल्या जागेवर आपलं काहीतरी असावं, असं तिला वाटलं असेल. तिला ते असं शब्दांत सांगता आलं नसतं आणि ती माझ्यासारखी बोलघेवडी नव्हती. कधी वाटतं, छे, रेघ पुसायच्या धास्तीनेच तिने सुया टोचून घेतल्या आणि माझं रडणं बघून मला सोडवायला ही दुसरी गोष्ट रचली. मी तिच्याशी खोटं बोलले ते तिला कळलं. ती माझ्याशी खोटं बोलली असेल तर मला कळलं नाही. ती आपल्या बोलीतच बोलली होती.

शेक पुरा झाला. उजवा हात चालला, जड पाटी नाही पण भाकऱ्या थापण्याइतका. मामा तिच्या वाटचं पाणी आणू लागले, न सांगता. सहा वर्षं ती चांगली होती. सातव्या वर्षी पाठ दुखायला लागली, मग खोकला. डॉक्टर तेच होते, केस पांढरे झालेले. त्यांनी मला सांगितलं की तो आजार हाडांत आणि फुप्फुसात आला आहे. मी त्यांना विचारलं, "ते तीन आठवडे गेले नसते तर?"

त्यांना आठवत होतं. ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित काहीच फरक पडला नसता."

"कदाचित" ह्या शब्दाचा अर्थ मी वर्षानुवर्षं पोरांना शिकवत आले आहे.

ती माघात गेली, मिठाच्या ऐन हंगामात. बायकांनी तिला आंघोळ घालायला घेतलं. सवाष्ण गेली म्हणून हळद लावली, नवी चोळी आणली. अंगावरचे दागिने उतरवून एकीने बाजूला ठेवले. मग कुणीतरी चोळी सोडली आणि सगळ्या थबकल्या. इतक्या वर्षांत तिने तो चौकोन गावात कुणाला दाखवला नव्हता. शेजारच्या म्हातारीने मला विचारलं, "ह्ये कसलं ग गोंदान? कोनाच्या हातचं?"

मी म्हणाले, "माज्या हातचं."

म्हातारीने माझ्या हातात तांब्या दिला. मी खांद्यावरून पाणी सोडायला लागले. ते गळ्याजवळच्या वाकड्या कोपऱ्यापाशी आलं तेव्हा माझा हात आपोआप मागे आला. रेघ पुसली जाईल, असं मला वाटलं.